आधी अंदाज, मग प्रयोग

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला आज साधनांची वानवा उरलेली नाही. धडधडणारे हृदय आतून दाखवणाऱ्या चित्रफिती आहेत, रेणू बोटाने फिरवून पाहता येतील अशी सिम्युलेशन आहेत, तयार संच, तक्ते आणि प्रतिकृती आहेत, आणि हे सगळे वर्गात कसे वापरावे ते सांगणारे साहित्यही उदंड आहे. मला स्वतःला या सगळ्याची मनापासून हौस आहे. तरीही इतकी वर्षे शिकवल्यावर माझे मत असे बनले आहे की वर्गात कोणते साधन आले यापेक्षा ते समोर येण्याच्या आधीच्या दोन मिनिटांत काय घडले, यावर शिकणे अधिक अवलंबून असते. त्या दोन मिनिटांत विद्यार्थ्याने ‘आता काय होईल असे मला वाटते’ हे स्वतःपुरते ठरवून कागदावर उतरवले असेल, तर एखादे साधे चंचुपात्रही त्याला पुष्कळ शिकवून जाते.

हे केवळ माझे मत नाही. हार्वर्ड विद्यापीठात कॅथरीन क्राउच, एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात दाखवल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिकांचा अभ्यास करून २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक नुसते पाहिले, त्यांची त्यामागच्या तत्त्वाची समज प्रात्यक्षिक मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ज्यांना प्रात्यक्षिकाआधी अंदाज नोंदवायला सांगितले होते, त्यांची समज मात्र स्पष्टपणे चांगली होती, आणि त्यासाठी तासातली जेमतेम दोन मिनिटे जास्त लागली होती. प्रात्यक्षिक तेच, शिक्षक त्याच तोलाचे, तरीही एवढा फरक. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण शिक्षक मंडळी प्रात्यक्षिकाच्या तयारीत तासन्‌तास घालवतो आणि नेमकी ही दोन मिनिटे वाचवायला बघतो.

उदाहरण म्हणून सगळ्यांच्या परिचयाचा एक प्रयोग घेते. उथळ भांड्यात पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. पिढ्यान्‌पिढ्या याचे स्पष्टीकरण असे दिले गेले आहे की ज्वलनात ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असल्यामुळे पाणी पेल्याच्या साधारण एकपंचमांश उंचीपर्यंत चढले. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, ओळखीचा आकडाही त्यात येतो, आणि मुले ते लगेच लिहून घेतात. अडचण एवढीच की ते चूक आहे.

ते चूक आहे हे शिक्षकाने सांगण्याची गरज पडत नाही. पेला ठेवण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, की पाणी केव्हा चढेल? ज्योत जळत असताना हळूहळू, की ज्योत विझल्यावर? प्रत्येकाने वहीत लिहायचे आणि खाली कारण द्यायचे. ऑक्सिजन संपल्याने पाणी चढते असे ज्यांना वाटते, ते अर्थातच ‘जळत असताना हळूहळू’ असे लिहितात, आणि त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष असते. मग सगळ्यांचे डोळे पाण्याच्या रेषेवर खिळतात. ज्योत जळत असते तोवर पाणी फारसे हलत नाही. उलट, पेला टेकवताना त्याच्या काठाखालून कधीकधी बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योत मंद होऊन विझते, आणि त्यानंतर पाणी झपाट्याने वर येते. वर्गात एकदम कुजबूज सुरू होते. ज्याने लिहिलेले नसते त्याला यात काही विशेष वाटत नाही, पण ज्याने लिहिलेले असते त्याला आपल्या वहीतले वाक्य आणि समोरचे पाणी यांतली तफावत स्वस्थ बसू देत नाही.

पुढचा प्रश्न बहुतेक वेळा मुलांकडूनच येतो. “बाई, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर?” पेला तोच असेल तर त्यातला ऑक्सिजनही तेवढाच, म्हणजे जुन्या स्पष्टीकरणाप्रमाणे पाणीही तेवढेच चढायला हवे. पुन्हा अंदाज, पुन्हा कारण. तीन मेणबत्त्यांनी पाणी स्पष्टपणे जास्त चढते. इथवर आल्यावर उष्णतेने हवा प्रसरण पावते, तिचा काही भाग बाहेर जातो आणि उरलेली हवा थंड होऊन आकसते, हे कोणीतरी बोलून जातेच. नववी-दहावीच्या वर्गात मी आणखी एक पाऊल पुढे टाकते आणि मेणाच्या ज्वलनाचे समीकरण फळ्यावर लिहिते. ऑक्सिजनचे तीन रेणू खर्च होतात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दोन रेणू तयार होतात, म्हणजे गेलेल्या वायूचा मोठा भाग दुसऱ्या वायूच्या रूपाने परत येतो. शिवाय ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लकही असतो. एवढ्या साध्या प्रयोगात ज्वलन, वायूंचे प्रसरण, वातावरणाचा दाब आणि समीकरणांचे संतुलन असे चार धडे एकत्र येतात, आणि पाणी केव्हा चढेल हा प्रश्न विचारला नाही तर त्यातला एकही नीट उलगडत नाही.

‘अंदाज करा, निरीक्षण करा, स्पष्टीकरण द्या’ या क्रमाला विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये आता स्थिर नाव मिळाले आहे, आणि रिचर्ड व्हाइट व रिचर्ड गनस्टोन यांनी १९९२ मध्ये त्याची नेटकी मांडणी केली. कागदावर हा क्रम सोपा दिसतो. वर्गात तो सांभाळताना बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. अंदाज तोंडी घेतला तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, म्हणून तो लिहूनच घ्यावा लागतो, आणि शक्य असेल तर शाईने, म्हणजे खोडता येत नाही. कारणाविना दिलेला अंदाज हा कौल लावण्यासारखा असतो, त्यातून शिक्षकालाही काही कळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुकलेल्या अंदाजाला कधीही गुण कापायचे नाहीत, आणि चुकलेल्याचे नाव घेऊन त्याला उभे करायचे नाही. एकदा जरी तसे झाले, तरी पुढचे अनेक आठवडे मुले शेजाऱ्याच्या वहीत डोकावून अंदाज लिहितात.

याच्या जोडीला शांत राहण्याचे कौशल्य लागते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून असे दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, आणि तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत किंवा अधिक वाढवला, की उत्तरे लांब होतात, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी होते, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुलेच प्रश्न विचारू लागतात. १९७० च्या दशकातले हे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाचताना वाटते, पण भरलेल्या वर्गासमोर तीन सेकंद मुकाट उभे राहून पाहावे, म्हणजे ते किती लांब असतात ते कळते. रो यांनी दुसऱ्याही एका थांब्याबद्दल लिहिले आहे, आणि तो मला अधिक अवघड वाटतो: विद्यार्थ्याचे उत्तर आल्यानंतरचा थांबा. उत्तर ऐकल्याबरोबर ‘बरोबर’ किंवा ‘शाब्बास’ म्हणायची आपली जीभ इतकी सरावलेली असते की त्या मुलाच्या मनात पुढे येऊ घातलेले ‘पण’ तिथेच विरते.

मुले वर्गात येताना कोऱ्या पाटीने येत नाहीत, हे रोझलिंड ड्रायव्हर आणि लीड्स विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात फार तपशीलवार मांडले. विद्युतधारा बल्बमध्ये खर्च होते, जड वस्तू वेगाने खाली पडते, गतीसाठी सतत बल लागते, या कल्पना अज्ञानातून आलेल्या नसतात. रोजच्या अनुभवातून माणूस ज्या निष्कर्षाला येतो, तो त्यांत असतो. म्हणूनच त्या चिवट असतात. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात तेथील पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला कशा दिसतात हे विचारले, तेव्हा २१ जणांच्या उत्तरात चुकीची कल्पना होती. ऋतूंच्या बाबतीत ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा’ हे त्यांतले सर्वांत परिचित उत्तर.

या उत्तरामागे एक साधनही दडलेले आहे, आणि त्याचा विचार आपण करायला हवा. पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये पृथ्वीची कक्षा तिरक्या कोनातून काढलेली असते, त्यामुळे ती चांगलीच लांबट लंबवर्तुळासारखी दिसते. ती आकृती पाहून कोणीही शहाणा मुलगा जवळ-लांबचा निष्कर्ष काढेल. म्हणून मी मुलांना कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायला सांगते आणि मग सांगते की हीच पृथ्वीची कक्षा आहे, कारण या मापावर खऱ्या लंबवर्तुळाचा आणि या वर्तुळाचा फरक पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीपेक्षाही कमी आहे. सूर्य तेवढा केंद्रापासून सुमारे १.७ मिलिमीटर बाजूला मांडायचा. त्यानंतर आकडे: जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ असते, आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. उत्तर गोलार्धातला हिवाळा नेमका जवळच्या बाजूला येतो. आपल्याच हाताने काढलेले वर्तुळ आणि हे दोन आकडे समोर असताना जुनी कल्पना टिकवणे कठीण जाते, आणि मग अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाकडे वळायला मुले तयार होतात. कल आधीच सांगून टाकला तर तीच मुले परीक्षेत ‘कलामुळे पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ असे लिहितात, म्हणजे नवा शब्द जुन्या कल्पनेला चिकटवतात.

सर्वांत कमी साहित्य लागणारे आणि मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेले साधन म्हणजे चांगला बहुपर्यायी प्रश्न. मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या वर्गात रुजवलेली पद्धत अशी: आकडेमोड लागणार नाही असा, पण कल्पनेच्या मुळाशी जाणारा प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने पर्याय निवडायचा, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा निवडायचे. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचे पहिले उत्तर बरोबर असते तेव्हा ही चर्चा सर्वांत फलदायी होते, असा त्यांचा अनुभव. त्याहून कमी असेल तर शिक्षकाने आधी थोडे शिकवावे, जास्त असेल तर पुढे जावे. यासाठी यंत्रे लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेली चार कार्डे प्रत्येकाकडे असली की पुरे.

असा प्रश्न तयार करणे मात्र सोपे नसते. बरोबर पर्याय कोणीही लिहू शकतो, खरी कसोटी चुकीच्या पर्यायांत लागते. ते निरर्थक असतील तर मुले त्यांना सहज बाजूला सारतात. मी चुकीचे पर्याय मुलांच्या जुन्या वह्यांतून उचलते, त्यांच्याच शब्दांत. ‘सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याच्यावर कोणते बल असते?’ या प्रश्नाला ‘तिथे दोन्ही बले सारखी होतात म्हणून एकूण बल शून्य’ हा पर्याय मला स्वतःला कधी सुचला नसता; तो एका मुलीने लिहिला होता, आणि तेव्हापासून दरवर्षी वर्गातली कितीतरी मुले तो पर्याय पूर्ण विश्वासाने निवडतात. हातातून सुटलेल्या चेंडूवर हाताचे बल उरत नाही, हे पटायला चांगली खडाजंगी व्हावी लागते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६५४२ विद्यार्थ्यांच्या यांत्रिकीवरील चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली. केवळ व्याख्यानांवर चाललेल्या वर्गांत, सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले सरासरी २३ टक्के शेवटी येऊ लागले होते. विद्यार्थ्यांना विचार करायला आणि एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या वर्गांत हेच प्रमाण ४८ टक्के होते. त्या अभ्यासात विद्यापीठांबरोबर माध्यमिक शाळाही होत्या.

सिम्युलेशनबद्दल शिक्षकांत दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना ते प्रयोगशाळेला पर्याय वाटते, काहींना ते निव्वळ खेळ वाटते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन मी नियमित वापरते. त्यांतल्या परिपथाच्या सिम्युलेशनवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पडद्यावर परिपथ जोडलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खऱ्या तारा आणि खरे बल्ब जोडताना प्रत्यक्ष साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. हे पहिल्यांदा वाचताना चकित व्हायला होते, पण कारण समजण्यासारखे आहे. खऱ्या तारांमधून काय वाहते ते दिसत नाही. पडद्यावर मात्र बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे इलेक्ट्रॉन त्याच गतीने सरकताना दिसतात, आणि धारा खर्च होत नाही ही गोष्ट डोळ्यांना पटते. शिवाय सैल तार, गंजलेला क्लिप, संपलेला सेल यांत तास वाया जात नाही.

तरीही दोलकाचा प्रयोग मी पडद्यावर करू देत नाही, आणि त्यामागे माझे ठाम कारण आहे. पडद्यावरचा दोलक दर वेळी तेच उत्तर देतो. खरा दोलक देत नाही. एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंद असतो, आणि बोटाने घड्याळ चालू-बंद करण्यात माणसाचे ०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतात. एकच दोलन मोजले तर ही चूक दहा टक्क्यांची, वीस दोलने मोजून भागाकार केला तर अर्ध्या टक्क्याची. हे गणित मी आधी सांगत नाही. प्रत्येक गटाने एकाच दोलनाचा काल पाच वेळा मोजायचा आणि सगळे आकडे फळ्यावर लिहायचे. १.८, २.२, १.९, २.३ असे आकडे फळाभर पसरले, की “यातला खरा कोणता?” असा प्रश्न हमखास येतो. त्या प्रश्नासाठी मी तासभरही द्यायला तयार असते, कारण मापन म्हणजे काय हे त्या पसाऱ्याकडे बघूनच कळू लागते. गोळा जड केला तर काय होईल, याचा अंदाज त्यानंतर घेते. बहुतेक जण आवर्तकाल कमी होईल असे लिहितात, आणि आता त्यांच्याकडे आपला अंदाज तपासण्याइतकी अचूक पद्धत असते.

याच ठिकाणी प्रयोगवहीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. अनेक प्रयोगवह्यांत निरीक्षणाचे कोष्टक इतके सुबक असते की ते निरीक्षण नाहीच हे उघड दिसते. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ यायला हवे हे आधीच ठाऊक असते, म्हणून आकडे उलट्या दिशेने रचले जातात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण गुण कशाला देतो ते ती बरोबर ओळखतात. ९.१ आले आणि ते का आले असावे याबद्दल दोन विचारी वाक्ये लिहिली, तर मी पूर्ण गुण देते, आणि ९.८ आले पण पाचही निरीक्षणे अगदी सारखी असतील, तर त्या गटाला माझ्यासमोर पुन्हा मोजायला सांगते. हा नियम वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवला, की वह्यांचे रूप काही आठवड्यांत बदलते. खाडाखोड वाढते, समासात शेरे येतात, आणि वाचताना मला खरा आनंद होतो.

रसायनशास्त्राची अडचण थोडी वेगळी आहे. ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये ती नेमकी सांगितली: रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलते, डोळ्यांना दिसणारे पदार्थ, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे, आणि शिक्षक या तिन्हींत इतक्या सहज ये-जा करतो की नवख्या विद्यार्थ्याला आपण कधी कुठे गेलो हेच कळत नाही. यावर माझा उपाय साधा आहे. समीकरण लिहिण्याआधी मुलांनी कणांचे चित्र काढायचे. पाणी उकळताना येणाऱ्या बुडबुड्याच्या आत काय आहे, याचे चित्र काढायला सांगितले की कोणी त्यात हवा काढतो, कोणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे काढतो, कोणी आत काहीच काढत नाही. ती चित्रे पाहिल्याशिवाय अवस्थांतर शिकवू नये, असे मला वाटते.

जीवशास्त्रात माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे तो झाडाच्या वजनाचा. एवढे मोठे झाड, त्याचे लाकूड आले कुठून? प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ असलेली मुलेही ‘मातीतून’ असे लिहितात. अशा वेळी मी सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ फान हेल्मॉन्ट यांचा प्रयोग त्यांच्यापुढे ठेवते, पण निष्कर्ष झाकून. २०० पौंड वाळवलेली माती, ५ पौंडांचे विलोचे रोप, पाणी फक्त पावसाचे किंवा शुद्ध केलेले, आणि ५ वर्षे वाट. झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड झाले. आता माती वाळवून तोलली तर तिचे वजन किती भरेल, याचा अंदाज करा. शंभर पौंड, पन्नास पौंड, ‘जवळजवळ काहीच उरणार नाही’ असे अंदाज येतात. प्रत्यक्षात माती केवळ दोनेक औंसांनी कमी झाली होती. हा आकडा सांगितल्यावर वर्ग काही क्षण विचारात पडतो, आणि मग बहुतेक सगळे फान हेल्मॉन्ट यांनीच काढलेल्या निष्कर्षाला पोहोचतात, की म्हणजे सगळे पाण्यातूनच आले.

१६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष अर्धवट असला तरी मूर्खपणाचा नव्हता, हे मी आवर्जून सांगते, कारण आपल्यासारखाच विचार एका थोर माणसानेही केला होता हे कळल्याने मुलांना धीर येतो. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यास याच माणसाने केला होता. तोच वायू झाडाच्या लाकडात जाऊन बसतो हे मात्र त्यांना सुचले नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग कार्बनचा असतो, आणि तो हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मुलांना हे सहजासहजी पचत नाही, आणि पचू नयेच. एवढ्याशा वायूतून एवढे लाकूड कसे, या प्रश्नावर त्यांना भांडू द्यावे. हवेला वजन असते हे त्यांनी वाचलेले असते, पण त्यावर त्यांचा विश्वास इथे पहिल्यांदा बसतो.

साधनांच्या कमतरतेबद्दल थोडेच लिहिते. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी १९४८ मध्ये एक पुस्तिका तयार झाली होती, आणि तिच्यातूनच पुढे १९५६ मध्ये युनेस्कोचे विज्ञान शिक्षकांसाठीचे संदर्भपुस्तक आले. डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणे कशी बनवावीत हे त्यात होते. आजच्या काळात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी कागदाच्या घड्यांतून बनवलेला सूक्ष्मदर्शक वस्तू १४० पट मोठी दाखवतो. अशा गोष्टी मी जमतील तितक्या वापरते. मात्र हाताला काम मिळाले म्हणजे डोक्यालाही मिळाले, असे समजू नये. इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी इंग्लंडमधील प्रात्यक्षिकांच्या २५ तासांचे निरीक्षण करून २००८ मध्ये दाखवले, की मुले सांगितलेली कृती उत्तम पार पाडतात, पण जी कल्पना समजावी म्हणून ती कृती योजलेली असते, तिच्याविषयी तासात फारच कमी बोलले जाते.

याच्या उलट टोकाला जाऊन मुलांनी सगळे स्वतःच शोधून काढावे, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये याविरुद्ध मांडलेला युक्तिवाद मला पटतो: नवशिक्याच्या कार्यरत स्मृतीची, म्हणजे एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात याची, मर्यादा लक्षात न घेता त्याला वाऱ्यावर सोडले, तर तो शिकण्याऐवजी चाचपडत राहतो. अंदाज चुकल्यानंतरची पाच मिनिटे ही शिक्षकाने स्वच्छ, नीट रचलेल्या वाक्यांत समजावून सांगण्याची असतात, आणि त्या वेळी मुले जितक्या एकाग्रतेने ऐकतात तितकी एरवी कधीच ऐकत नाहीत. व्याख्यानाला माझा विरोध नाही. त्याची वेळ नंतर येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशा तासाचा एक तोटा आहे, आणि तो पालकांना व मुख्याध्यापकांना समजावून सांगावा लागतो. लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले, की स्वतः विचार करावा लागणाऱ्या वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकतात, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते; ओघवत्या व्याख्यानानंतर मात्र सगळे समजल्याची भावना येते. पाठांतराचेही असेच आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, तर एका आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणून मी तासाची सुरुवात कोऱ्या कागदाने करते. मागच्या आठवड्यातले जे आठवेल ते लिहायचे, मग पुस्तक उघडून वेगळ्या शाईने भर घालायची. पहिले काही आठवडे मुले कुरकुर करतात, आणि ती कुरकुर स्वाभाविक आहे हे मी त्यांना सांगते.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक घटकासाठी अंदाज घेत बसलो तर वर्ष पुरणार नाही. मी वर्षाच्या आरंभी घटकांची यादी घेऊन बसते आणि जिथे मुले आधीपासून एखादी पक्की, पण चुकीची कल्पना घेऊन येतात तिथेच खूण करते: बल आणि गती, विद्युतधारा, ज्वलन, अवस्थांतर, प्रकाशसंश्लेषण, आनुवंशिकता, ऋतू. तिथे वेळेचा हिशेब करत नाही. आवर्तसारणीतील गणांची नावे, एककांची चिन्हे, पेशीतील अंगकांची यादी यांविषयी कोणाच्या मनात काही पूर्वग्रह नसतो, त्यामुळे ती मी सरळ फळ्यावर लिहून देते आणि पाठ करायला सांगते.